पास केलेला दोष

नरसय्या मास्तर बोलणाऱ्याच्या डोळ्यांकडे कधी बघत नसत, तोंडाकडे बघत. नवख्या माणसाला ते चमत्कारिक वाटे. आपल्या दाताला काही लागलंय की काय या शंकेनं तो तोंडावर हात नेई, आणि मास्तर अगदी शांतपणे म्हणत, "हात काढा की वो. बोलणं झाकायलाय तुमी." आमच्या गिरणीत एक मॅनेजर होता. त्याच्या मिशा इतक्या दाट की वरचा ओठ कुणी पाहिलेला नव्हता. त्यानं काहीतरी हुकूम सोडला, मास्तरांनी मान हलवली आणि नेमकं उलटं काम केलं. जाब विचारल्यावर म्हणाले, "साहेब, मिशा जरा कापा. लई जाड विणकाम हाय."

मास्तर साचेखात्याचे, म्हणजे गिरणीतल्या मागांच्या खात्याचे, मास्तर होते. विणकामाचं रीतसर शिक्षण घेतलेले, इंग्रजी मासिकं वाचणारे, साखर पेठेतल्या तेलुगू विणकराच्या घरातले. साचेखातं ज्यानं पाहिलं नाही त्याला तिथला आवाज सांगून कळणार नाही. शेकडो साचे एकदम ठोकत असतात; शेजारचा माणूस ओरडला तरी फक्त त्याचं तोंड हललेलं दिसतं. तिथली सगळी माणसं ओठांवरूनच एकमेकांचं बोलणं वाचतात, चेष्टामस्करीही तशीच करतात. कान मात्र हळूहळू जातात. मास्तरांचे चाळिशीच्या आतच गेले. त्यांनी त्याची कधी तक्रार केली नाही. "ऐकण्यासारखं ऱ्हायलंय काय की" एवढंच म्हणत.

मी त्याच गिरणीच्या इलेक्ट्रिक खात्यात होतो. मोटारी, तारा, फ्यूज सांभाळायचे आणि घरी रेडिओ जुळवायचे हा माझा नाद. मास्तरांची आणि माझी ओळख कापडावरून नव्हे, एका मासिकावरून झाली. त्यांच्या टेबलावर विणकामाच्या मासिकाखाली रेडिओचं मासिक होतं. बहिऱ्या माणसाला रेडिओचं काय, असा प्रश्न माझ्या चेहऱ्यावर आला असावा. मी तोंड न हलवताच त्यांनी तो वाचला. "ऐकायला न्हाय," ते म्हणाले, "कसं चालतंय ते बघायला."

त्यांचा कापड तपासण्याचा रिवाज गिरणीत प्रसिद्ध होता. ताग्याचं टोक ते खिडकीशी नेत, उजेडासमोर धरत आणि एका जागी बोट ठेवत. बोट पडलं की तो तागा बाजूला. विणकर गयावया करी, खात्याचा मुकादम, जॉबर, सांगे की एवढा एक धागा धुतल्यावर दिसणारही नाही, गिऱ्हाईक काय भिंग घेऊन बसतं का. मास्तर ऐकत नसत, अर्थात ते ऐकत नसतच, पण वाचतही नसत. मान दुसरीकडे वळवत. त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "दोष हाय म्हंजे हाय. दिसतोय का न्हाय, ते इचारू नका." त्यांच्या हातून दोष असलेलं कापड पास झाल्याचं कुणाला आठवत नव्हतं. या बाबतीत ते जरा अतीच करतात असं माझंही मत होतं, आणि ते मी तोंड झाकून बोलत असे.

मग त्यांच्या बायकोला, लक्ष्मव्वांना, क्षय झाला.

मी त्यांना अक्का म्हणत असे. बाई ठेंगणी, तोंडाची फटकळ. मास्तरांशी त्या दिवसभर बोलत, तेही तेलुगूतून, आणि मास्तर चुलीपाशी बसून त्यांच्या ओठांकडे टक लावून बघत. लग्नाला इतकी वर्षं झालेला नवरा बायकोच्या तोंडाकडे असा बघत बसलेला मी दुसरीकडे कुठं पाहिला नाही. मुलगी लग्न होऊन निजामाच्या मुलखात गेलेली. घरात ही दोघंच. डॉक्टरांनी निदान सांगितलं आणि पहिला नियम घालून दिला की रोग्यानं तोंडावर कायम फडकं बांधून ठेवायचं आणि कुणी जवळ तोंड न्यायचं नाही. अक्कांनी फडकं बांधलं. त्या दिवसापासून मास्तरांना बायकोचं बोलणं दिसायचं बंद झालं.

पुढे रोग घशात उतरला आणि अक्कांचा आवाज कुजबुजण्याइतकाच राहिला. लिहून दाखवावं तर त्यांना अक्षरओळख नव्हती. खुणा होत्या, पाणी, औषध, पांघरूण यांना खुणा पुरतात. पण अक्का एखादं वाक्य बोलू लागत, फडकं आतल्या आत हलताना दिसे, आणि मास्तर त्या फडक्याकडे बघत उभे राहत. मी एकदा तसं पाहिलं आणि पुन्हा त्या वेळेला जायचं टाळलं. मास्तर मला म्हणाले, "जिती हाय, समोर हाय. पर माझ्यासाठी गेलीच की वो." हे त्यांनी ताग्याचा नंबर सांगावा तशा आवाजात सांगितलं. बहिऱ्या माणसाला आपला आवाज वरखाली करता येत नाही, म्हणून त्यांची सगळी वाक्यं एकाच उंचीची येत. दुःखाचं वाक्य कुठलं हे शब्दांवरून ओळखावं लागे.

दसऱ्याच्या सुमारास त्यांनी बिनपगारी रजा टाकली आणि मला बोलावून कागद पुढे केला. त्यावर एका अँप्लिफायरचा नकाशा होता. खाटेला मायक्रोफोन, मधे अँप्लिफायर आणि मास्तरांच्या कानावर हेडफोन. अक्का कुजबुजल्या तरी ते बोलणं वाढवून त्यांच्या उरल्यासुरल्या कानात घालायचं. "तिचं एक बोलणं तरी ऐकायचंय मला," ते म्हणाले, "जायच्या आत." डॉक्टरांनी काय मुदत सांगितली होती ते त्यांनी मला सांगितलं नाही.

मायक्रोफोन गिरणीतल्या मोडक्या टेलिफोनमधून काढला. बाकीचं मी माझ्या पेटाऱ्यातून आणि मुंबईहून टपालानं मागवून जमवलं. सगळं भराभर झालं आणि गाडी अडली ती रेक्टिफायरपाशी. पेठेत येणारी वीज पुढेमागे धावणारी. आवाज वाढवणाऱ्या काचेच्या व्हॉल्व्हना लागते एकाच दिशेनं वाहणारी. तिला दिशा लावणारा जो व्हॉल्व्ह तो रेक्टिफायर. मास्तरांना हे समजवायला मी तोंड उघडलं तोच ते म्हणाले, "कळलं की. धोटा हिकडून तिकडं धावतोय, कापड मात्र फुडंच सरकायला पायजे." इतकं नेटकं मला कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं.

पहिला लावला तो नेहमीचा, निर्वात काचेचा, रेडिओत असतो तसला. हेडफोनमध्ये विजेची घरघर जवळजवळ नाही. पण त्याची एक खोड होती. वीज जास्त ओढली गेली की त्याचा विजेचा दाब खचे. अक्कांना खोकल्याची उबळ आली की मायक्रोफोनमध्ये दणका बसे, दाब खाली जाई आणि खोकल्यानंतरचे शब्द बुडत. अक्का तर खोकल्यानंतरच बोलत. दुसरा आणला तो हळू तापणारा. त्यानं बाकीच्या सामानाचं आयुष्य वाढतं असं मासिकात लिहिलं होतं. पण बटण दाबून तो कामाला लागेपर्यंत अक्कांचं बोलायचं बळ संपे. फडकं हलायचं थांबलं की मग हेडफोन जागा होई. सामानाचं आयुष्य वाढवून काय करायचं, असं माझ्या मनात आलं.

आता अडचण अशी की घरघर आहे की नाही हे ठरवायचं कुणी? मास्तरांना ती ऐकूच येत नव्हती. म्हणून हेडफोन माझ्या कानाला आणि मास्तर माझ्या तोंडाकडे बघत समोर. "हाय का?" "थोडी आहे." "काढा." असं रोज चालायचं. मी त्यांना म्हटलं, "मास्तर, तुम्हाला ऐकू येत नाही ती घरघर राहिली तर बिघडलं कुठं?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच दोषाचा तागा घेऊन उभा होतो. "दोष हाय म्हंजे हाय," ते म्हणाले आणि पुन्हा तारांच्या जोडांना डाग द्यायला बसले. इकडे अक्कांचे हात काडीसारखे झाले होते. मला मास्तरांचा राग यायचा. मरणाऱ्या बाईच्या उशाशी बसून हा माणूस घरघर निवडतोय, असं वाटायचं. पण त्यांना दुसऱ्या तऱ्हेनं काम करता येत नव्हतं, तीस वर्षांत त्यांनी ते कधी केलंच नव्हतं.

तिसरा रेक्टिफायर पाऱ्याचा होता. काचेच्या आत पाऱ्याचे थेंब असतात, तापले की त्यांची वाफ होते आणि व्हॉल्व्ह निळा पेटतो. त्याचा दाब खचत नाही. कितीही ओढा, ठाम राहतो. मात्र तो उभाच ठेवावा लागतो, वीज सोडण्याआधी नीट तापवावा लागतो, आणि एवढं लाडकोड करून घेऊन तो स्वतः चरचरतो. कढईत मोहरी पडावी तसा आवाज. मी हेडफोन कानाला लावला आणि माझं तोंड वाकडं झालं. आवाज गाळणारं तारेचं वेटोळं, म्हणजे चोक, घालून पाहिलं, चरचर थोडी कमी झाली, गेली नाही. मी मान हलवून "नापास" असं म्हणणार होतो. मास्तरांचं माझ्या तोंडाकडे लक्षच नव्हतं. ते खाली वाकून व्हॉल्व्हकडे बघत होते.

"ती बोलायलीय," ते म्हणाले.

मी खाटेकडे पाहिलं. अक्का भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. फडकं दिसतसुद्धा नव्हतं. पण चरचरीच्या मागे मला त्यांची कुजबुज ऐकू येत होती. त्या स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होत्या. मास्तरांना ते कसं कळलं, मला समजेना. "बघा की," ते म्हणाले. मी बघितलं. अक्का बोलल्या की निळा उजेड फडफडत होता, थांबल्या की स्थिर होत होता. आमच्या सेटमधले शेवटचे व्हॉल्व्ह शांत असताना फार वीज खात नसत, आवाज आला की खात. त्यांनी वीज ओढली की पाऱ्याचा उजेड वाढे. हे मला माहीत होतं. त्याचा असा उपयोग होईल हे मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं, कारण मला कान होते.

हेडफोन चोवीस तास कानावर ठेवणं मास्तरांना शक्यच नव्हतं. स्वयंपाक, पाणी, धुणं सगळं तेच करत. शेजारची माणसं रोगाच्या भीतीनं उंबऱ्याबाहेरच थांबत. पाठ वळल्यावर अक्कांनी हाक मारली तर ती कळायची सोय कुठल्याच सेटमध्ये नव्हती. या निळ्या व्हॉल्व्हमध्ये होती. सेट कोनाड्यात असा मांडला की स्वयंपाकघरातून आणि अंगणातूनही उजेड दिसावा, मग झालं. थंडीचे दिवस होते, सेट दिवसभर चालू राहिला तरी खोलीत उकाडा होणार नव्हता.

मास्तर सरळ झाले. "चरचर लई हाय?" त्यांनी विचारलं.

"आहे," मी म्हणालो. खोटं बोलून उपयोग नव्हता, त्यांनी ते ओठांवर ओळखलं असतं.

त्यांनी एकदा खाटेकडे बघितलं. मग म्हणाले, "असू द्या. पास करा." त्यांच्या आवाजात काही फरक नव्हता, नसतोच. पण त्यांनी हात धोतराला पुसले, दोन्ही तळवे, पुन्हा पुन्हा. मला त्या वेळी फार वाईट वाटलं. का ते नीट सांगता येणार नाही. कापड पास करण्यासारखंच ते होतं, आणि तसं नव्हतंही.

मी हेडफोन त्यांच्या कानावर चढवला आणि आवाज वाढवला. मायक्रोफोनला स्वच्छ फडकं गुंडाळून तो उशीजवळ टांगला. मास्तरांनी खाटेकडे बघून मान हलवली, बोल अशी. अक्का बोलू लागल्या. निळा उजेड फडफडू लागला. मास्तर डोळे मिटून बसले होते. बोलणाऱ्या माणसासमोर त्यांना डोळे मिटून बसलेलं मी तेव्हाच पाहिलं. मला तेलुगू येत नाही. 'उप्पु' म्हणजे मीठ एवढा एक शब्द येतो आणि तो त्या बोलण्यात बऱ्याचदा आला. अक्का दमेपर्यंत बोलल्या, मग पडून राहिल्या.

मास्तरांनी हेडफोन काढला. मी वाट बघत होतो. "आवाज वळखला न्हाय मी," ते म्हणाले. "कुणा दुसऱ्याच बाईचा हाय." त्यांचे कान तसे आणि अक्कांचा घसा तसा, दोन्हींत मिळून आवाज कुठला उरणार? हे माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं असं वाटून मी खाली बघितलं. पण त्यांनी माझा खांदा हलवून तोंड वर करायला लावलं. "बोलणं मात्र तिचंच," ते म्हणाले. "दसऱ्यापास्नं मीठ कमी घालायलाव म्हणाली. दोन महिने आळणी खाल्लं बिचारीनं. सांगणार कशी?"

त्यानंतर मी गिरणीतून सुटल्यावर तिकडे चक्कर टाकत असे. मास्तर अंगणात भांडी घासत असत, मधेच मान वर करून कोनाड्याकडे बघत, आणि निळं फडफडलं की हात झटकून आत जात. घाई करताना ते कधी दिसले नाहीत. खुर्चीवर बसायचं, हेडफोन चढवायचा, ऐकायचं, उठायचं. अक्का काय बोलतात म्हणून मी विचारलं तर सांगत, "शिव्या देतीया. कुणाचं लुगडं कुणाकडं ऱ्हायलंय ते सांगतीया. पोरीला बोलवू नका म्हणती." एकदा म्हणाले, "आज कायबी न्हाय बोलली. नुसती हाय का म्हणून इचारलं. मी हाय म्हणालो." कुठल्याही वाक्यावर ते थांबत नसत. मलाही हळूहळू तशीच सवय लागली. त्या घरात बसलं की अंगाला बधिरपणा यायचा आणि तो बरा वाटायचा. बाहेर आल्यावर पेठेतल्या हातमागांचा ठोका कानावर पडे तेव्हा मी पुन्हा जागा होई.

संक्रांत जवळ आली होती. एके दिवशी गिरणीचा दुपारचा भोंगा झाला आणि दारवानानं मला निरोप सांगितला की मास्तरांनी बोलावलंय. मी गेलो तेव्हा दार उघडं होतं. शेजारची माणसं उंबऱ्याबाहेर जमली होती, आत कुणी गेलं नव्हतं. मास्तर खाटेजवळच्या खुर्चीवर बसले होते. अक्कांच्या तोंडावरचं फडकं त्यांनी सोडून ठेवलं होतं. कित्येक महिन्यांनी मी अक्कांचं तोंड पाहत होतो. मास्तर त्यांच्या ओठांकडे बघत होते.

मी पलीकडच्या बाजूला उकिडवा बसलो. मास्तर वर बघत नव्हते. मग त्यांनी मान वळवली. मी विचारलं, "कधी?"

"धुणं वाळत घालत हुतो," ते म्हणाले. "निळं हललं. आत आलो, कानाला लावलं."

"काही बोलल्या?"

"व्हय. कण्या करपायल्यात म्हणाली. मी चुलीवर ठेवून इसरलो हुतो. गेलो, पातेलं उतरवलं. परत आलो तर निळं गप हुतं. झोपली वाटलं मला."

मी कोनाड्याकडे बघितलं नाही. स्वयंपाकघरात गेलो. खरं तर काय करायला गेलो ते मला माहीत नव्हतं. पातेलं चुलीच्या बाजूला होतं. ज्वारीच्या कण्या तळाला लागून काळ्या झाल्या होत्या, वरच्या मात्र चांगल्या होत्या. मी ते तसंच हातात घेऊन उभा राहिलो. मास्तर माझ्या मागे येऊन उभे राहिले, त्यांनी पातेल्यात वाकून बघितलं, नंतर बोटावर थोड्या कण्या घेऊन चाखल्या.

"मीठ बराबर हुतं आज," ते म्हणाले.